नव्या घरी आलेला वाडा

बार्शीच्या पेठेतील आमचा वाडा तीन वर्षांपूर्वी विकला गेला. भावाभावांच्या वाटण्या, वरच्या मजल्यावरील कुजत चाललेल्या तुळया आणि दारात मालाची गाडी उभी करायला न उरलेली जागा, ही कारणे कोणाही व्यवहारी माणसाला पटण्यासारखी होती, आणि आम्ही सारी व्यवहारी माणसेच आहोत. वाडा सोडणे त्यामुळे फारसे अवघड गेले नाही. अवघड गेले ते वाड्यातील वस्तूंचे. शिसवी झोपाळा, बिलोरी आरसा, काचेच्या हंड्या, घंगाळे, तांब्याचा बंब, मापांची उतरंड, लोड-तक्के, दिवाणखान्यातील तसबिरी! जुन्या वस्तूंचे व्यापारी हल्ली गावोगाव फिरतात. त्यांच्यापैकी एकाने सगळ्याची एकगठ्ठा किंमत सांगितली तेव्हा घरातील पुरुषमंडळी क्षणभर एकमेकांकडे पाहतच राहिली.

कुर्डुवाडी रस्त्याला आम्ही बांधलेले घर चार खोल्यांचे आहे. मागे गुंठाभर परस आहे. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. काचबिंदूने एक डोळा गेलेला, दुसऱ्याने फक्त समोरचे दिसते, बाजूचे दिसत नाही. त्याच वर्षीच्या चातुर्मासात त्यांनी महाराजांसमोर परिग्रह-परिमाणाचे व्रत घेतले. क्षेत्र-वास्तूपासून कुप्यापर्यंत सर्वांची मर्यादा ठरविली आणि वाड्यातील केवळ एकवीस वस्तू ठेवायच्या, बाकीच्या देऊन टाकायच्या किंवा विकून पैसे दानात घालायचे, असे सांगितले. यादी मी लिहायची होती. लिहिण्याची रीत त्यांनी घालून दिली. “आधी वस्तूचे काम सांग, मग नाव लिही.”

मी म्हटले, “आई, आठवण हेही कामच की.”

“अगं, आठवणीला खोली कशाला लागते?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते असे नाही. उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही, मूर्च्छेवरून केली आहे. एका ताटावर जीव जडतो आणि भरल्या कोठारातूनही माणूस निर्लेप उठतो. जुन्या वस्तू ठेवणे म्हणजे मोहच, हे मला आजही मान्य नाही. परंतु काम विचारून नाव लिहिण्याच्या त्या शिस्तीने आमच्या घराला जे रूप दिले ते कोणत्याही सजावटकाराला साधले नसते, हेही तितकेच खरे.

सजावटकार आलाच होता. पुतण्याच्या ओळखीचा, हुशार, अदबीचा मुलगा. त्याने मापांची उतरंड पाहिली आणि त्याचे डोळे चमकले. पितळी पायलीच्या बुडाला एक भोक पाडू, तिच्यात शोभेचे रोप लावू, ती प्रवेशदाराशी ठेवू, असे त्याने सुचविले. शहरांतील घरांत अशा कुंड्या मीही पाहिल्या आहेत, दिसतात सुंदर. सासूबाई झोपाळ्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, “बाळ, भोक पडलेले माप व्यापाऱ्याच्या घरात ठेवायचे?”

त्याला ते कळले नाही. वाचकांना कळेल. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ हा एक आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान, हा तो दोष. आडतीच्या धंद्यात आयुष्य घालविलेल्या घरात माप ही नुसती वस्तू नसते, ती घराची पत असते. १९५६ च्या कायद्यानंतर मेट्रिक वजने-मापे आली आणि शेर-पायली दुकानातून निघून माजघरात आल्या. परंतु सासरे असेपर्यंत दर दिवाळीला वह्यांच्या पूजनात ही पायली घासूनपुसून मांडलेली असे. ती शिगेची नव्हती, तूटही नव्हती. चार शेरांची होती आणि चारच शेर भरत असे.

मग तिचे काम काय लिहायचे? ते सासऱ्यांच्या रोजमेळातच सापडले. जुन्या वह्या चाळताना धर्मादायाच्या खात्यावर ठरावीक अंतराने ‘पाखरांचा दाणा’ अशी नोंद दिसली. सौद्यामागे थोडा धर्मादाय बाजूला काढण्याची आपल्या पेढ्यांची ही जुनी रीत. मुंबईची पांजरपोळ १८३४ मध्ये उभी राहिली तीही व्यापाऱ्यांच्याच पैशावर, आणि दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिराच्या आवारातील पक्ष्यांचे रुग्णालय आजही आपल्याच समाजाच्या दानावर चालते. यादीत पहिली ओळ लिहिली गेली ती अशी : पायली, पाखरांच्या दाण्यासाठी.

आठवड्याला एक पायली ज्वारी-बाजरी. रोज ओंजळीने, सकाळी एकदाच. इतका हात आखडता का, असे शेजारी विचारतात. मोकळ्या हाताने दाणे टाकले की चिमणी येत नाही, पारव्यांचे थवे येतात आणि चिमणीला हुसकून लावतात. कबुतरांना दाणे घालावेत की नाही, यावर मुंबईत उठलेल्या वादात मला येथे शिरायचे नाही. गुंठाभर परसात काय झेपते, एवढेच मी पाहते.

घराची मांडणीही यादीनेच ठरली. झोपाळ्याचे काम ‘वाट दाखवणे’ असे लिहिले आहे. वाड्याच्या माजघरात सासूबाईंच्या पलंगापासून झोपाळा सात पावलांवर होता आणि झोपाळ्याच्या उजव्या हाताला देवघर. नव्या घरात आम्ही तेच अंतर आणि तीच दिशा धरली. झोपाळा वाटेत येतो, खोली लहान दिसते, अशी सजावटकाराची तक्रार रास्त होती. परंतु रात्री उठलेल्या त्या बाईचा हात पितळी कडीला लागतो, कडी किणकिणते आणि पुढची वाट त्यांना समजते. बाजूचे दिसत नसल्यामुळे जमिनीवर तिवई, फुलदाणी, घंगाळ काहीही ठेवायचे नाही. जे आहे ते भिंतीवर किंवा टांगलेले. लोक येऊन म्हणतात, किती प्रशस्त वाटते हो तुमचे घर!

भिंतीवर तसबीर एकच, चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची. १९५५ च्या सप्टेंबरात कुंथलगिरीवर महाराजांची सल्लेखना चालू असताना बारा वर्षांच्या सासूबाई वडिलांबरोबर बैलगाडीने दर्शनाला गेल्या होत्या. डोंगराखाली उसळलेली गर्दी आणि एवढ्या गर्दीत कोणीही मोठ्याने बोलत नव्हते, हे त्या अजून सांगतात. तसबिरीपुढे काम लिहावे लागले नाही.

आता फुलांविषयी. माझे माहेर मराठवाड्यातले. तिकडे आमच्या आम्नायात सचित्त फुले भगवंताला वाहत नसत. केशरात रंगविलेले तांदूळ हेच आमचे पुष्प. सासरी मात्र अभिषेकानंतर ताजी फुले. लग्न होऊन आले तेव्हा पहाटे जाई तोडायला सांगितले की माझा हात अडखळत असे. सासूबाईंनी हे कधी बोलून दाखविले नाही. काही दिवसांनी वाड्याच्या चौकातील पारिजातकाखाली रात्री एक धुतलेले पांढरे कापड अंथरलेले दिसू लागले. झाडाने आपणहून दिलेली फुले सकाळी त्यांच्या पूजेला, आणि माझा हात मोकळा. या विषयावर आम्हा दोघींत एका शब्दाचीही चर्चा झाली नाही, तरी हा तह गेली चाळीस वर्षे टिकला आहे.

त्या पारिजातकाचे रोप आम्ही नव्या परसात आणले. बरोबर जाईचा वेल, मोगरा, अबोली, गुलबक्षी, तगर आणि गावठी गुलाब. चातुर्मास लागण्यापूर्वी खणण्याची सर्व कामे आटोपायची, हा घराचा दंडक. पहिल्या पावसानंतर रोपे लावावीत असे रोपवाटिकेवाले सांगतात, आम्ही वैशाखात लावतो आणि हाताने पाणी घालतो. रोप जगायला कष्ट जास्त पडतात. पण पावसात जमिनीत जी असंख्य सृष्टी उपजते तिच्यावर कुदळ पडत नाही. औषध मारायचे नाही, हे तर ओघानेच आले. गुलाबावर मावा पडतो, फुले बारीक येतात. येऊ देत. न तोडलेले फूल झाडावर कसे म्हातारे होते, कडेने तपकिरी होत पाकळी पाकळी कशी गळते, हे पाहण्यात मला आता अधिक गोडी वाटते. फुलदाणीतल्या फुलाला हे वार्धक्य लाभत नाही.

औषध नाही म्हणून किडे आहेत, आणि किडे आहेत म्हणून पक्षी आहेत. इथे एक पेच आहे. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलांना भरविते ते मुख्यत्वे अळ्या आणि किडे. गावांतून चिमण्या कमी झाल्या त्याला घरटे करायला वळचण न उरणे हे जसे कारण, तसेच पिलांना भरवायला किडा न उरणे हेही आहे. म्हणजे आपण ओंजळभर ज्वारी घालावी, आणि तिने आपल्याच मोगऱ्यावरची अळी उचलून न्यावी! मी हे सासूबाईंना वाचून दाखविले तेव्हा वाटले होते की त्या अस्वस्थ होतील. त्या एवढेच म्हणाल्या, “व्रत आपल्याला आहे, तिला नाही.”

पाण्यासाठी मातीचे पसरट परळ आहेत. पाणी गाळूनच भरायचे आणि रोज बदलायचे. पाणी साचून राहिले की आठवड्याभरात त्यात डासांची पैदास होते, मग ते मारण्याची वेळ येते. त्यापेक्षा आधीच उपजू न देणे बरे. वाफ्यांना तेच जुने पाणी जाते. सकाळी परळावर बुलबुलांची जोडी येते, साळुंक्या भांडत अंघोळ करतात, एखादा होला बिचकत पाणी पितो. जाईच्या वेलीवर शिंजिराने लोंबती पिशवी विणली आहे. तिला कोळिष्टकांचे आणि सालपटांचे तुकडे चिकटविलेले असतात, त्यामुळे केर अडकल्यासारखे दिसते. मोलकरणीला दोनदा थांबवावे लागले. तगरीच्या रुंद पानांची कड शिंप्याने खरोखरच शिवली. पक्ष्यांची ही मराठी नावे मला जुळवता आली ती सोलापूरचे मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षीकोशा’मुळे. सासूबाईंना नावे लागत नाहीत. आवाजावरून त्यांचा हिशेब पक्का असतो. उन्हाळ्यात भर दुपारी पिंपळावर तांबट एकसुरी टुक-टुक करू लागला की त्या म्हणतात, “आला तुझा भांडी घडविणारा.” संध्याकाळी आमचे जेवण सूर्यास्तापूर्वी आटोपते, त्याच वेळी जाईतला कलकलाटही थांबतो. पाखरांना घड्याळावाचून जमते, असे त्या नातवंडांना सुनावतात.

चिमण्या पहिले वर्षभर आल्याच नाहीत. बाजारातल्या लाकडी पेट्या लावून पाहिल्या, रिकाम्या राहिल्या. वाड्याच्या दिंडीवरील कोरीव पाट यादीत नव्हता. तो मुलाने हौसेने आणून मागच्या पडवीच्या छपराखाली ठोकला. जुन्या तुळईचे टोक जेथे बसत असे, तेथे त्यात मूठभर खोबण आहे. दुसऱ्या फाल्गुनात त्या खोबणीतून गवताची काडी बाहेर आलेली दिसली. वाड्यातही चिमण्या तेथेच असत. पिढ्या बदलल्या असतील, खोबण तीच. पिलांचा चिवचिवाट ऐकून सासूबाईंनी चौकशी केली. सर्व सांगितल्यावर म्हणाल्या, “तो पाट माझ्या एकविसात धरू नकोस. चिमण्यांच्या खात्यावर टाक.” मी तसे लिहिले आहे.

राहिला बिलोरी आरसा. यादीत त्याच्यासाठी मीच हट्ट धरला होता. काम विचारल्यावर ‘उजेड’ असे सांगितले. ते त्यांना पटले, कारण ते खरेच होते. पडवीच्या पश्चिम भिंतीवर, पूर्वेच्या दारासमोर तो टांगला की सकाळचे ऊन त्याच्यावरून उलटून माजघरात झोपाळ्यापर्यंत येते. त्या उजेडात, चांगल्या डोळ्याच्या त्या अरुंद कवडशातून, त्या मोठ्या टाइपातील स्वाध्यायाचे पुस्तक अर्धा तास वाचू शकत. घरातील सर्वांत देखणी वस्तू तीच होती, आणि सर्वांत उपयोगाचीही.

गेल्या चैत्रात दयाळ आला. काळापांढरा, शेपटी उभारलेला नर. पहाटे तारेवर बसून अशी शीळ घाले की दूधवालाही थांबे. विणीच्या दिवसांत हा पक्षी आपल्या हद्दीत दुसरा नर सहन करत नाही. पडवीत शिरताच त्याला आरशात दुसरा नर दिसला. मग सकाळ-संध्याकाळ काचेवर चोचीचे टोले, पंखांची फडफड, पुन्हा टोले. चौथ्या दिवशी काचेवर रक्ताचा बारीक ठिपका दिसला. मी आरसा हलवायचा विचार करत होते. दुसरी कोणतीही भिंत उजेडाच्या उपयोगाची नव्हती. सासूबाई म्हणाल्या, “झाक तो.”

“आणि तुमचे वाचन?”

“तू वाचून दाखव.”

चैत्रापासून आषाढापर्यंत आरशावर जाड खादीचे कापड असते. पाहुणे विचारतात, आत काय आहे? सांगितले की हसतात. काहींना ते शोभत नाही असे वाटते, आणि पडवीची शोभा गेली हे मलाही दिसते. सकाळी सामायिक झाले की मी झोपाळ्याशेजारी बसून वाचते, बाहेर दयाळ गातो आणि मधूनच सासूबाई हात वर करून मला थांबवतात, त्याची शीळ पुरी होईपर्यंत. आषाढ सरत आला की त्याचे गाणे विरळ होते. यंदा तसे झाल्यावर मी कापड काढले आणि काचेवरचे वाळलेले चोचीचे डाग पुसायला ओले फडके घेतले. माजघरातून आवाज आला, “पाणी गाळलेले घे गं.”