भिंतीतली भोकं

गवंड्यानं मला सरळ विचारलं होतं. "मॅडम, खालच्या थरात पाण्याला भोकं ठेवू का? ओढ्याकडची बाजू आहे." मी म्हटलं, "नको. उंदीर येतील, वास येईल." त्यानं पुन्हा विचारलं नाही. थापी उचलली आणि कामाला लागला. ही २०१७ च्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा आमच्या सोसायटीची सेक्रेटरी होते. अजूनही आहे, कारण या पदासाठी दुसरा कुणी कधी हात वर करत नाही.

आमची चोवीस फ्लॅटची, लिफ्ट नसलेली, जुनी सोसायटी. पुण्यात, सहकारनगर आणि अरण्येश्वरच्या मधे कुठंतरी. माणसांना इथं नंबरानं ओळखतात. 'नऊ नंबर तापट आहेत', 'बावीसवाल्यांचा मेंटेनन्स थकलाय' असं बोललं जातं. रस्त्याकडून आत येताना उतार लागतो, पार्किंग रस्त्यापेक्षा खाली आहे, आणि पार्किंगच्या मागं आंबिल ओढा. आम्ही त्याला ओढा कधी म्हटलंच नाही. आमच्या तोंडी 'नाला'. पत्ता सांगताना तर तेवढंही नाही. कात्रजच्या डोंगरातून निघून, पर्वतीच्या पायथ्यानं, दांडेकर पुलाखालून मुठेला मिळणारा हा प्रवाह. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला त्याच्यावर तलाव बांधून शहरात पाणी खेळवलं, आणि पुढं त्याची वाटही वळवली. सारसबागेतला गणपती 'तळ्यातला' का, याचं उत्तर या ओढ्यापाशी आहे. हे सगळं मी नंतर वाचलं. चाळीसएक वर्षं ज्याच्या काठावर राहिलो, त्याचं नाव आधी कळायला हवं होतं.

तर भिंत. जुनी कंपाउंडची भिंत कमरेएवढी होती, दगडी आणि बऱ्याच ठिकाणी ढासळलेली. दोन मोटरसायकलींची पेट्रोलं चोरीला गेली, गल्लीपलीकडच्या वस्तीतल्या पोरांचा चेंडू सात नंबरच्या काचेवर आला, आणि वार्षिक सभेत 'भिंत उंच करावी' हा ठराव एकमतानं झाला. आमच्याकडं एकमतानं झालेले ठराव दोनच: हा, आणि दर वर्षी गणपतीची वर्गणी न वाढवण्याचा. आठ फूट उंच, प्रत्येकी साडेआठ हजार रुपये. बांधता बांधता कुणीतरी सुचवलं की चार फूट ओढ्याकडं सरकवली तर दुचाकींची एक रांग जास्त मावेल. सरकवली. अध्यक्षांनी नारळ फोडला, मी पेढे आणले. त्या वर्षीच्या गणपतीत मांडवाची मागची बाजू म्हणून भिंतीलाच पडदा लावला, आणि खर्च वाचला म्हणून खजिनदारांचं कौतुक झालं.

२५ सप्टेंबर २०१९, बुधवार. पितृपंधरवडा चालू. रविवारी घटस्थापना आणि त्याच दिवशी सकाळी दहाला आमची वार्षिक सभा. सहकार कायद्याप्रमाणे ती ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि आम्ही ती नेहमी शेवटच्या रविवारी, काठावर घेतो. त्या रात्री मी ताळेबंदाच्या चोवीस प्रतींना टाचण्या मारत बसले होते. संध्याकाळपासून पाऊस धरला होता तो नऊनंतर असा लागला की टीव्हीचा आवाज ऐकू येईना.

पावणेदहाला तळमजल्यावरच्या आजींचा फोन आला. "अगं, मोरी गुरगुरतेय."

मी म्हटलं, "तुंबली असेल आजी. सकाळी प्लंबर पाठवते."

"तुंबलेली मोरी अशी बोलत नाही," त्या म्हणाल्या आणि त्यांनीच फोन ठेवला.

या आजी पानशेतच्या. म्हणजे माहेर नारायण पेठेतलं, पण १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या, आणि राहतं घर पाण्यात गेलं. नंतर सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्या झाल्या, तसे हे लोक इकडं आले. एका पुरातून उठवून दुसऱ्या ओढ्याजवळ बसवलं, असं त्या कधीकधी हसत म्हणायच्या. आम्हाला तो विनोद वाटायचा. फोन ठेवल्यावर त्यांनी मोरीच्या तोंडावर पाटा ठेवला, त्यावर तांदळाचं पोतं, आणि डाळींचे डबे एकेक करून ओट्यावर चढवले. बहात्तरच्या होत्या. मग सासऱ्यांचा फोटो आणि औषधांची पिशवी घेऊन पहिल्या मजल्याच्या जिन्यात जाऊन बसल्या. मी वर टाचण्या मारत होते.

साडेदहाच्या सुमाराला लाइट गेले. पाठोपाठ मागच्या बाजूनं एक आवाज आला. ट्रकमधून खडी ओतावी तसा, पण संपेचना. गॅलरीतून बॅटरी मारली. जिथं भिंत होती तिथं वरच्या टोकाला मोठं खिंडार पडलेलं आणि त्यातून तपकिरी पाणी उडी मारून आत येत होतं. बारा नंबरची गाडी संथपणे फिरली आणि तिच्या मालकाच्या डोळ्यांदेखत मीटरच्या खोलीला जाऊन टेकली. तिचे दिवे आपोआप लागले होते, पाण्याखाली.

नंतर सोसायटीतल्या एका निवृत्त इंजिनिअरनी मला कागदावर काढून दाखवलं. पाणी भिंतीच्या बाहेर फुगत राहिलं. आत यायला वाट नाही, म्हणून सगळा दाब एका अंगाला. भोकं असती तर पाणी आत आलंच असतं, घोटाभर, मग गुडघाभर, हळूहळू. गाड्या काढायला अर्धा तास मिळाला असता. भोकं नव्हती म्हणून ते एकदम आलं. त्यांना गवंड्याचा प्रश्न माहीत नव्हता. मी सांगितलाही नाही. दोन महिने नाही सांगितला.

तळमजल्यावर चार घरं. पंधरा मिनिटांत सगळे वर आणले. पाण्यापेक्षा सामानाशी झटापट जास्त झाली. चार नंबरचे काका गॅस सिलिंडर सोडायला तयार नव्हते. आजींना शोधायला दोघं जण कमरेएवढ्या पाण्यातून त्यांच्या दारापर्यंत गेले, हाका मारून घसा बसला, आणि आजी त्यांच्या डोक्यावर, जिन्यातच बसलेल्या. त्यांनी ओ का दिली नाही असं विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही मला कुठं हाक मारत होतात? दाराला मारत होतात."

मध्यरात्रीनंतर ओढा उतरू लागला, पण आमच्या पार्किंगमधलं पाणी हलेना. उताराच्या टोकाला, वस्तीच्या गल्लीकडं, उरलेली भिंत शाबूत होती. हौदच झाला होता आमचा. साडेबाराला पलीकडून पहारीचे घाव ऐकू आले. गल्लीतली पाच-सहा पोरं भिंत फोडत होती. तासाभरात पाणी निघून गेलं. वरून आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांतल्या एकाला आभार मानायला गाठलं, तर तो कानकोंडा होत म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी नव्हती फोडली. भिंत कलली होती आमच्या अंगावर. पडली असती तर?" त्याच रात्री अरण्येश्वर भागातच, टांगेवाले कॉलनीत, भिंत कोसळून माणसं गेली होती. शहरात आणि भोवताली मिळून वीसहून जास्त माणसं गेली. त्यातलं एकही आमच्या भिंतीखाली गेलं नाही, याचं श्रेय आमचं नाही.

पुढच्या चार दिवसांबद्दल फार लिहीत नाही. गाळाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. फावडी, घमेली, टँकर. जमिनीखालची टाकी तीनदा उपसून धुतली. मीटर बदलून वीज यायला पाच दिवस लागले. पंचनामा करायला माणसं आली, कागदावर लिहून घेऊन गेली. भिंतीबद्दल विचारलं तर 'आचारसंहिता आहे' असं उत्तर मिळालं. विधानसभेची निवडणूक २१ ऑक्टोबरला होती. निवडणुकीआधी आचारसंहिता होती, निवडणुकीनंतर सरकारच नव्हतं, आणि सरकार आल्यावर काही महिन्यांत करोना आला. त्यामुळं कुणावर रागवावं हेही धड ठरवता आलं नाही.

माझं काम कागदांचं. सोसायटीचं कपाट वॉचमनच्या खोलीत होतं, तेही पाण्यात गेलं. शेअर सर्टिफिकेटं, इतिवृत्ताच्या वह्या, मूळ करारपत्रं. सगळं गच्चीवर नेऊन दोऱ्यांना चिमटे लावून वाळत घातलं. शाई फुटलेल्या पानांमध्ये १९८३ सालचा बांधकामाचा नकाशा सापडला. कापडावर छापलेला होता म्हणून तग धरून होता. त्यात आमची हद्द कुठं संपते ते स्पष्ट होतं. चार फूट पुढं आलेली भिंत त्यात कुठंच बसत नव्हती. वस्तीला आम्ही वर्षानुवर्षं 'अतिक्रमण' म्हणत आलो. हा शब्द आमच्या इतिवृत्तात, माझ्याच अक्षरात, निदान सहा ठिकाणी आहे. आता वहीची ती पानं माझ्यासमोर चिमट्याला लटकत होती.

वार्षिक सभा अर्थातच झाली नाही. पण त्या नवरात्रात भोंडला झाला. मला वाटलं होतं या वर्षी कुणी नावही काढणार नाही, पण अठरा नंबरच्या वहिनींनी खरवडलेल्या पार्किंगमध्ये पाट ठेवला, हत्ती काढला आणि बायकांना हाका मारल्या. पुराच्या दुसऱ्या दिवशी ज्यांनी आम्हाला चहा आणून दिला होता, त्या गल्लीतल्या चौघी-पाच जणी आल्या. त्यांच्या घरांत पत्र्यापर्यंत पाणी गेलं होतं. आमचा चहा त्यांनी शाळेत, जिथं त्यांना हलवलं होतं, तिथं केलेला होता. खिरापत ओळखताना त्यांतली एक सारखी जिंकत होती. भिंत पडलेली होती, त्यामुळं त्यांना गेटनं फिरून यावं लागलं नाही. सरळ चालत आल्या. पुढच्या वर्षी करोनामुळं भोंडलाच नव्हता, आणि त्याच्या पुढच्या वर्षी त्यांना बोलवायचं कुणाला आठवलं नाही. मलाही नाही.

नोव्हेंबरमध्ये विशेष सर्वसाधारण सभा घेतली. विषय एकच. नऊ नंबर म्हणाले, दहा फूट, आरसीसी, वर काचा. खजिनदार म्हणाले, पैसे? इंजिनिअर म्हणाले, जुन्या हद्दीवर मागं घ्या, खाली तीन फूट भिंत, वर लोखंडी जाळी, आणि खालच्या थरात दर चार फुटांवर पाण्याला भोक. यावर जो गदारोळ झाला त्यात पाऊण तास गेला. दुचाकींची रांग जाणार, हे लोकांना पुरापेक्षा जास्त झोंबलं. "उंदीर येतील" असं कुणीतरी म्हणालं. माझंच वाक्य होतं ते. तेव्हा मी उभी राहिले आणि गवंड्याची गोष्ट सांगितली.

कुणी काही बोललं नाही. मग नऊ नंबर म्हणाले, "मग तुमच्याकडूनच वसूल करायला हवं." आजी मागून म्हणाल्या, "नारळ कुणी फोडला होता? पेढे कुणी खाल्ले होते?" मतदान झालं. जाळी आणि भोकांच्या बाजूनं तेरा, विरोधात नऊ, दोन गैरहजर. प्रत्येकी अकरा हजार. गवंडी तोच बोलावला. या वेळी त्यानं काही विचारलं नाही, मीच त्याला अंतर मोजून खडूनं खुणा करून दिल्या. तो म्हणाला, "तेव्हापण मी ठेवणारच होतो." तेवढंच.

२०२० मध्ये आमच्या पार्किंगमध्ये पुन्हा पाणी आलं नाही म्हणून लोक सुस्त झाले. २०२१ मध्ये एक सायकल चोरीला गेली आणि जाळीला आतून पत्रे लागले, ठरावाशिवाय. त्यावर मी भांडले नाही; पत्रे पाण्याबरोबर जातील, भिंतीसारखे अडवणार नाहीत. आजी २०२२ मध्ये गेल्या. त्यांच्या मोरीवरचा पाटा त्यांच्या सुनेनं अजून तिथंच ठेवलाय.

आता माझा नेम असा: मृग लागायच्या आधी, जूनच्या पहिल्या रविवारी, एक लोखंडी सळई घेऊन मागं जायचं आणि भोकं मोकळी करायची. एकूण सतरा आहेत. पालापाचोळा, प्लॅस्टिक, एकदा बेडूक. गेल्या वर्षी गेले तर पंधराच भरली. दोन भोकं सिमेंटनं नीट बुजवलेली होती, वरून रंगाचा हातही फिरवलेला. कुणी बुजवली ते मला माहीत आहे. इतिवृत्तात नाव घातलेलं नाही. दोन्ही पुन्हा पाडून घेतली. बाराशे रुपये, किरकोळ दुरुस्ती या सदरात.