वेशीचं नाव स्तुती

मावशीचं वचन पहाटे साडेपाचला येतं. गेली सहा वर्षं, एकही खाडा नाही. उगवता सूर्य, पिवळी फुलं, त्यावर शास्त्रातली एखादी ओळ आणि खाली 'प्रभूची स्तुती असो'. घरच्या ग्रुपवर आम्ही सतराजण. दोघीतिघी हात जोडल्याचं चित्र टाकतात, बाकीचे न वाचता पुढे सरकतात. मी त्या बाकीच्यांतला. पाळकाच्या घरात वाढलेल्या पोराला वचनांचं अजीर्ण लवकर होतं.

मागच्या मंगळवारी मात्र वचनामागोमाग तिचा फोन आला.

"शनिवारी केडगावला जायचंय. मुक्तीत. आभार मानायचेत."

"कसले आभार? तुझा रिपोर्ट पुढच्या गुरुवारी आहे ना?"

"म्हणून तर आत्ता जायचं. रिपोर्ट चांगला आल्यावर काय, कुणीही आभार मानेल."

मानेजवळच्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. मावशी एकाहत्तर वर्षांची. चौतीस वर्षं तिने वॉर्डात काढलीत, त्यामुळे तुकडा कशासाठी घेतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. भोळ्या माणसाचा विश्वास असता तर मी समजूत घातली असती. हिची काय घालणार?

शनिवारी सकाळी पुणे स्टेशनवर दौंडच्या शटलला उभे राहिलो. मावशीच्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत आजीचं पवित्र शास्त्र. पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेलं. पाठ उसवलेली, म्हणून जुन्या लुगड्याच्या काठाने बांधलेलं. मागच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू तीन पिढ्यांच्या अक्षरात. माझंही नाव आहे, शाई फुटलेलं.

गाडी हडपसर, मांजरी करत निघाली. लोणीला गर्दी चढली. यवतची एक बाई भाजीची रिकामी टोपली पायाशी ठेवून मावशीशेजारी बसली. गळ्यात तुळशीची माळ. मावशीने पुस्तक काढून मांडीवर घेतलं होतं.

"पोथी का हो?"

"हो, पोथीच," मावशी म्हणाली.

"कंची?"

"येशूची."

"असू द्या," असं म्हणून त्या बाईने टोपली सरकवून मावशीला पाय पसरायला जागा करून दिली.

हा रस्ता तुकोबांच्या पालखीचा. लोणी, यवत, पुढे वरवंड, असे पालखीचे मुक्काम आणि रेल्वेचा रूळ बराच वेळ एकमेकांची संगत सोडत नाहीत. मावशीने नारायण वामन टिळकांचं भजन हळू आवाजात धरलं, तेव्हा त्या बाईचा हात आपोआप टोपलीच्या काठावर ठेका धरायला लागला. चाल अभंगाची होती. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा, मुंबईतला, पण आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते म्हणत. नगरच्या आमच्या देवळांत टाळ आणि कीर्तन रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा, तोवर बऱ्याचशा चाली परदेशातून बोटीने आलेल्या होत्या. मला खिडकीबाहेर बघावंसं वाटत होतं. चारचौघांत प्रार्थना करायची आमच्या पिढीला लाज वाटते. मॉलमध्ये, हॉटेलात जेवणाआधी मावशी डोळे मिटते तेव्हा मी मेनूकार्ड चाळतो.

यवतला ती बाई उतरली. उतरताना मावशीच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "बरं वाटलं बघा." मावशीने तिला गाठीचं सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, सांगेल.

खुटबाव गेलं आणि केडगाव आलं. पुण्याहून पन्नास-पंचावन्न किलोमीटर. रुळाच्या दोन्ही अंगाला ऊस, मध्येच गुऱ्हाळाचा धूर. आजचा हा हिरवा तालुका बघून रमाबाई इथे आल्या तेव्हाचा माळ डोळ्यांपुढे आणायला जोर लावावा लागतो.

रमाबाईंनी मुली-बायकांसाठी उभारलेल्या मुक्तीच्या फाटकाशी रिक्षा सोडली. ऑफिसातल्या बाईंनी "सलाम" केला, मावशीने "सलाम" घेतला. आमच्यात अजून हाच नमस्कार. कुठून आलात, कुणाच्या, कुठल्या मंडळीचे, अशी ओळखीची वाट काढत काढत दोघी नगर जिल्ह्यातल्या एका गावात भेटल्या आणि आम्हाला आवार फिरायची परवानगी मिळाली.

फाटकात मावशी थांबली.

"नाव कुठून आलं माहिताय?"

माहीत होतं, पण तिला सांगू दिलं. यशयाच्या साठाव्या अध्यायात देवाच्या नगरीचं वर्णन आहे. तिथे तटाला तारण म्हटलंय आणि वेशींना स्तुती. तारण म्हणजेच मुक्ती. रमाबाईंनी नाव उचललं ते तिथून.

"बघ, तट नंतर," मावशी म्हणाली. "आत जायचं तर आधी वेस लागते."

ती पुढे चालायला लागली. मी मात्र त्या फाटकाशी थोडा रेंगाळलो. हे कुणा पाळकाने व्यासपीठावरून सांगितलं असतं तर मी सोडून दिलं असतं.

रमाबाईंचं आयुष्य मराठी वाचकाला ठाऊक असतं, पण बहुधा अर्ध्यापर्यंत. १८५८चा जन्म, अनंतशास्त्री डोंगऱ्यांची संस्कृत शिकलेली मुलगी, कलकत्त्यात मिळालेली 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदं, लवकर आलेलं वैधव्य, 'स्त्रीधर्मनीति', इंग्लंड, १८८३चा बाप्तिस्मा, १८८९चं शारदा सदन. मग १८९३मध्ये पुण्यात गदारोळ झाला, सदनाच्या सल्लागार मंडळातली मोठी माणसं बाहेर पडली, आणि तिथे आपल्या पुस्तकांतली रमाबाई संपते. केडगाव एका परिच्छेदात उरकतात. उलट आमच्या देवळांत केडगावच तेवढं सांगतात, त्याआधीचं गाळून. दोन्हीकडे अर्धीच बाई शिल्लक राहते.

मला त्यांच्या इंग्लंडमधल्या भांडणांचं फार अप्रूप वाटतं. वाँटेजच्या ज्या मठात त्या राहत, तिथल्या भगिनींशी त्या मुद्द्यामुद्द्यावर वाद घालत. मांसाहार केला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आमची संस्कृत काय वाईट, असं विचारलं. एका पुरोहितशाहीतून सुटलेय ती दुसरीच्या तावडीत सापडायला नव्हे, हा त्यांचा सूर. धीट विश्वास म्हटला की हल्ली मोठमोठे स्पीकर, कीबोर्ड आणि हात वर केलेली गर्दी डोळ्यांपुढे येते. 'आज रात्री तुमचा आजार जाणार' असं छातीठोक सांगणारे प्रचारक मी ऐकलेत, आणि नंतर त्याच माणसांना दवाखान्यात पोचवलंही आहे. ज्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांच्याशीच वाद घालण्याची छाती ही माझ्या लेखी जास्त मोठी गोष्ट.

चर्चची इमारत दगडी आणि अवाढव्य. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर थोडा वेळ काही दिसेना. मग खिडक्या दिसल्या, मग फरशी, मग लांब कुठेतरी झाडू मारणारी एक मुलगी. चिमण्यांचा आवाज घुमत होता.

इमारत एवढी मोठी का, ते आकड्यांवरून कळतं. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली, बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग आणि सरकारी बंधनं, म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या आणि संख्या दीड हजाराच्या वर गेली. त्यांनी आपले आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गमावली होती. उपाशी माणसाचा चेहरा त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

१९०५च्या जानेवारीत त्यांनी रोज प्रार्थनेला कोण येईल म्हणून विचारलं. सत्तरएक जणी आल्या. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या तेव्हा इथे पोचल्या होत्या. जूनपर्यंत रोजच्या प्रार्थनेला साडेपाचशे जणी येऊ लागल्या, आणि महिनाअखेरीस ज्याला 'मुक्तीचं संजीवन' म्हणतात ते घडलं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करतायत, रडतायत, गातायत, असं तासन्‌तास चालायचं. मिनी एब्रम्स या अमेरिकन मिशनरी बाईंनी ते लिहून ठेवलंय आणि जगभरच्या पेंटेकॉस्टल इतिहासात त्याची नोंद आहे.

मला या प्रकरणात एकच गोष्ट छळते. रमाबाईंना नीट ऐकू येत नव्हतं. इंग्लंडला गेल्या होत्या डॉक्टर व्हायला, पण बहिरेपणामुळे ते शिक्षण राहिलं. त्यांच्यासमोर साडेपाचशे गळे एकदम उघडले असतील तेव्हा त्यांच्यापर्यंत काय पोचत असेल? कदाचित फरशीतून येणारा थरथराट. कदाचित नुसते उघडमीट होणारे ओठ.

मी हे मावशीला म्हणालो.

"वॉर्डात एक आजोबा होते," ती म्हणाली, "ठार बहिरे. रोज संध्याकाळी आम्ही प्रार्थना म्हणायचो तेव्हा टोपी काढायचे. आमच्या तोंडाकडे बघून बरोब्बर शेवटी 'आमेन' म्हणायचे."

तिने चप्पल काढली आणि खाली फरशीवर बसली. गुडघे दुखतात म्हणून भिंतीला टेकून. आजीचं पुस्तक उघडलं, पण वाचलं नाही. त्याच्यावर तळहात ठेवून पुटपुटायला लागली. मला शब्द ऐकू येत होते. एकेका माणसाचं नाव घेऊन आभार. गाठ तपासणाऱ्या डॉक्टरचे, त्याच्या हाताखालच्या नर्सचे, रिक्षावाल्याचे, यवतच्या बाईचे. गाठ जाऊ दे, असं एकदाही म्हणाली नाही. मी कान देऊन बसलो होतो, म्हणून खात्रीने सांगतो.

मुक्तीतल्या छापखान्याबद्दल सांगितल्याशिवाय केडगाव पुरं होत नाही. रमाबाईंनी आयुष्याची शेवटची दीड दशकाहून जास्त वर्षं हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध शास्त्र मराठीत आणण्यात घालवली. खेड्यातल्या बाईला वाचून कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. संस्कृतात हयात गेलेल्या पंडितेने संस्कृतातले अवघड शब्द वेचून वेचून बाजूला ठेवले. खिळे जुळवले ते इथल्याच बायकांनी. मराठीची जोडाक्षरं, काने, मात्रा धरून एकेका केसमध्ये किती घरं असतात, हे ज्याने जुना छापखाना पाहिलाय त्यालाच कळेल. ज्यांना दुष्काळात उचलून आणलं होतं, त्याच पोरी इथे अक्षर शिकून शिशाची अक्षरं उलटी वाचायला लागल्या होत्या. शेवटची मुद्रितं तपासून होईपर्यंत जगू दे, अशी प्रार्थना रमाबाई करत, असं इथे सांगतात. ५ एप्रिल १९२२ला त्या गेल्या. आदल्याच वर्षी एकुलती एक मुलगी मनोरमा गेली होती. काम थांबलं नव्हतं. सबंध ग्रंथ बाहेर पडला १९२४ला.

मावशीच्या पुस्तकातलं एक पान मी उजेडात धरलं. एका ओळीत एक अक्षर किंचित वर उचललेलं, शाई जरा जास्त. कुणाच्या तरी बोटाने बसवताना तो खिळा पुरता खाली गेला नसावा. आजीने त्याच ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलीय. अक्षरासाठी की अर्थासाठी, कुणास ठाऊक.

झाडाखाली डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मेथी. मावशीने डोळे मिटले. मीही मिटले, आजूबाजूला मेनूकार्ड नव्हतं.

परतीची गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली. फलाटावर मावशी थकलेली दिसली. मानेवरचा पदर पुन्हा पुन्हा सारखा करत होती. तेवढ्यात पहिल्यांदा म्हणाली, "भीती वाटते रे." मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळाने तिने सकाळचंच भजन परत धरलं, पहिल्या ओळीपासून. दुसरं कडवं तिला आठवेना, ते मी म्हटलं. समोरच्या बाकावरचा कॉलेजचा पोरगा कानातली वायर काढून बघत होता.

हे लिहितोय तो बुधवार. पहाटेचं वचन नेहमीप्रमाणे साडेपाचला आलं. रिपोर्ट उद्या मिळेल. मावशीने सकाळी नऊला बोलावलंय, आणि तिचा डबा माझ्याकडे राहिलाय तो आठवणीने आणायला सांगितलंय.