हिवराची सावली

अकोट ओलांडून सातपुड्याच्या पायथ्याकडे निघालं की तेल्हारा तालुक्यात हिवरखेड लागतं. अमरावती जिल्ह्यात मोर्शीच्या बाजूला गेलं तर तिथंही एक हिवरखेड आहेच. नुसत्या 'हिवरा' नावाची गावं तर वऱ्हाडात मोजता मोजता बोटं संपतात. वडनेर, बोरगाव, बाभूळगाव, पळसखेड यांच्या पंगतीत हे नाव सहज बसतं. पण वडाला पार मिळतो, बोरीला बोरं येतात, पळस होळीला रंग देतो. हिवराची मात्र सावलीसुद्धा लोकांनी टाकलेली.

हा वाळीत टाकण्याचा प्रकार जुना आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत, सज्जनांनी हिवराची सावली टाळावी तसं, अशी उपमा येते. ती ऐकणाऱ्यांना समजावून सांगावी लागली नसणार. हिवर त्यांच्या शिवारातच उभा होता. अजूनही जुनी माणसं त्याच्याखाली शिदोरी सोडत नाहीत, चार पावलं पुढं जाऊन निंब गाठतात. तिकडं स्कॉटलंडमध्ये लाल फळांचं रोवन दारापाशी लावीत, चेटूक घरात शिरू नये म्हणून. इकडं बाळंतिणीच्या दाराला निंबाचा डहाळा. झाडांना राखणीला बसवायची रीत दोन्हीकडं सारखीच. हिवराच्या वाट्याला राखण न येता संशय आला.

धुऱ्यावर त्याच्याजवळ जाऊन पाहिलं तर बाभळीचा हा भाऊ पहिल्या नजरेत ओळखू येतो तो सालीवरून. बाभळीचं खोड काळपट, भेगाळलेलं. हिवराचं फिकट, राखी-पांढरं. पानं चिंचेहून बारीक, देठापाशी सरळ काट्यांची जोडी. शेंग चपटी, किंचित वाकडी, तपकिरी. बाभळीच्या शेंगेसारखी मण्यांची माळ नव्हे.

पांढऱ्या सालीमुळंच रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला 'ल्युकोफ्लिया' म्हटलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थच पांढऱ्या सालीचा. १८०६ साली विल्डेनोनं त्याला अकेशिया कुळीत घातलं. पुढं दोनशे वर्षांनी जगभरच्या शास्त्रज्ञांत 'अकेशिया' नाव कुणाचं यावर भांडण जुंपलं. २००५ साली व्हिएन्नात आणि २०११ साली मेलबर्नमध्ये निकाल ऑस्ट्रेलियातल्या झाडांच्या बाजूनं लागला. आपल्या बाभळी आणि हिवर 'व्हॅचेलिया' झाले. मकावमध्ये राहिलेल्या व्हॅचेल नावाच्या एका इंग्रज पाद्र्याच्या नावानं. हिवरखेडच्या पाटीवरचं अक्षर मात्र कुणाला बदलावं लागलं नाही.

हिंदीत याचं एक नाव आहे 'शराब की कीकर'. उसाच्या किंवा ताडाच्या रसाची दारू गाळताना त्यात हिवराची साल टाकीत. सालीतल्या टॅनिनमुळं रसातली प्रथिनं साकळून तळाशी बसतात. सज्जनांनी सावली का टाळली, याचा एक खट्याळ खुलासा इथं सापडतो! पण हीच साल टंचाईच्या दिवसांत कुटून पिठात मिसळून पोटातही गेली आहे. सालीनं कातडं कमावलं, तिच्या धाग्यांची मासे धरायची जाळी झाली. लाकूड कठीण, जड. औतफाट्याला चालतं, चुलीत टिकून जळतं. काट्यांचं कुंपण होतं.

बकऱ्यांना तर सावलीचा विटाळ ठाऊकच नाही. उन्हाळ्यात चारा आटला की गुराखी आकडीनं फांदी खाली ओढतो आणि कळप तुटून पडतो. काट्यांच्या जोडीमधून ओठांनी अल्लाद पाला उचलतो.

मग पाऊस ओसरतो. कपाशीला बोंडं धरू लागतात, तूर कमरेएवढी होते आणि एरवी कुणाच्या नजरेत न भरणारा हिवर फुलतो. बाभळीची फुलं पिवळीधमक, पानांच्या बेचक्यात लपलेली. हिवराची फिकट, सायीच्या रंगाची. फांद्यांच्या टोकांना मोठाले तुरे येतात आणि अख्खं झाड लांबून फेसाळल्यासारखं दिसतं. खाली कुणी बसलेलं नसतं. वर मधमाश्यांची गर्दी मात्र मावळतीपर्यंत हलत नाही.