भंडाऱ्याचा पिवळा

पट्टणकोडोलीच्या जत्रेचं चित्रण पहिल्यांदा लॅपटॉपवर उघडलं, तेव्हा त्यात पिवळा रंग जवळजवळ नव्हताच. ज्या जत्रेत माणूस, मेंढरू, देवळाची पायरी, चहाच्या गाड्यावरचा स्टोव्ह, सगळं हळदीच्या भंडाऱ्यानं माखलेलं असतं, तिथली माणसं माझ्या पडद्यावर राखेत लोळून उठल्यासारखी नाचत होती. बाबा मागं उभे होते. म्हणाले, “कॅमेरा भाड्यानं आणताना तपासला नव्हतास काय?”

कॅमेऱ्याचा काही दोष नव्हता. ब्लॅकमॅजिकचा पॉकेट सिनेमा कॅमेरा होता, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रॉ चित्रण केलं होतं. साधा कॅमेरा किंवा मोबाइल आपल्याला वाढलेलं ताट देतो. रंग किती, उजेड किती, सावली किती काळी, हे सगळं तो आत ठरवून मोकळा होतो. रॉ म्हणजे नुसता शिधा. सेन्सरवर किती प्रकाश पडला त्याची जवळपास सगळी नोंद तो देतो, आणि व्हाइट बॅलन्ससारखे आकडे फाइलीला चिठ्ठीसारखे चिकटवून ठेवतो. चिठ्ठी नंतर बदलता येते. म्हणून पडद्यावर सगळं फिकं, राखाडी, जेवायला बसलेल्या माणसासमोर कच्चे तांदूळ ठेवावेत तसं दिसतं.

हे बाबांना सांगितलं. त्यांचा इचलकरंजीत तीसेक वर्षं फोटो स्टुडिओ होता. ते म्हणाले, “म्हणजे निगेटिव्ह.” मला वाटलं होतं मी काहीतरी नवीन समजावून सांगतोय.

जत्रेला आम्ही दोघं गेलो होतो, मी आणि माझा मित्र. तो धनगराचा पोरगा, त्याचे आजोबा, म्हणजे आमचे सगळ्यांचे आबा, वयाच्या सत्तरीतही ढोल गळ्यात अडकवून विठ्ठल-बिरदेवापुढं उभे राहतात. ऑक्टोबरातली ही जत्रा. सोलापूर जिल्ह्यातल्या अंजनगावहून फरांडेबाबा चालत येतात, हेडाम हा तलवारीचा खेळ खेळतात, भाकणूक म्हणजे येत्या वर्षाचं भाकीत सांगतात, आणि त्या वेळी खारीक, खोबरं, लोकर आणि भंडारा अशी काही उधळण होते की समोरचा माणूस दिसत नाही. कॅमेऱ्याला पंख्यासाठी झरोके असतात, ते बंद केले तर तो तापतो, उघडे ठेवले तर हळद आत जाते. मी दर दहा मिनिटांनी उपरण्याखाली तोंड घालून लेन्स पुसत होतो. भर उन्हात उघड्या ॲपर्चरवर चित्रण करायचं म्हणून उजेड कमी करणारा स्वस्तातला फिरवायचा एनडी फिल्टर लावला होता. त्याची करणी नंतर कळली.

4के, सेकंदाला 25 फ्रेम, आठास एक दाबून सुद्धा सेकंदाला चाळीसेक एमबी जागा लागते. 500 जीबीची एसएसडी साडेतीन तासांत भरते. दोन दिवसांत दोन भरल्या. लग्नाच्या शूटिंगवाल्यांना हे आकडे सांगितले तर ते हसतात, आणि बरोबर हसतात.

आमच्या भागात एडिटिंगला अजूनही कुणीकुणी ‘मिक्सिंग’ म्हणतं. दोन व्हीसीआर आणि एक मिक्सर टेबलावर मांडून लग्नाच्या कॅसेटी तयार व्हायच्या, तेव्हाचा शब्द. पुढं एडियस नावाचं सॉफ्टवेअर आलं, बहुतेकांनी तिथंच मुक्काम ठोकला. मी दाविंची रिझॉल्व्ह घेतलं, कारण एक तर ते फुकट होतं, आणि दुसरं म्हणजे रॉ फाइल त्यात थेट उघडते. हे मूळचं फक्त रंगाचं यंत्र. दा विंची सिस्टिम्स ही अमेरिकन कंपनी ते बनवायची, आणि त्याची किंमत लाखांत असे, तीही डॉलरमध्ये. हॉलिवूडच्या अंधाऱ्या खोल्यांत एखादा कलरिस्ट त्याच्यापुढं बसायचा. 2009 मध्ये मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिकनं ती कंपनी विकत घेतली, 2011 मध्ये फुकट आवृत्ती काढली, आणि मग एकेक करून कापाकापी, आवाज, स्पेशल इफेक्ट सगळं त्याच खिडकीत आणून बसवलं. माझ्या आवृत्तीत तळाशी सात बटणं होती. एकावर फूटेज आणायचं, दोहोंवर कापायचं, एकावर इफेक्ट, एकावर रंग, एकावर आवाज, शेवटच्यावर रेंडर. पूर्वी ज्या कामाला पाच माणसं लागायची ते एक माणूस जागेवरून बोटभरही न हलता करू शकतो. ही सोय आहे, आणि गोची पण तीच आहे. एडिटरनं काही चुकवलं तर कलरिस्ट बोलतो, कलरिस्टनं चुकवलं तर दिग्दर्शक ओरडतो. माझ्या खोलीत तिन्ही मीच होतो आणि तिघांचंही एकमेकांशी फार पटत होतं.

कापायला मजा आली. लॅपटॉप सोळा जीबीचा, मूळ फाइली उघडल्या की ग्राफिक कार्डाची मेमरी भरल्याचा निरोप यायचा. मग सगळ्या क्लिपच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, करून ठेवल्या. शेजारी पॉवरलूमचा शेड, त्याच्या खडखडाटात रात्री काम चालायचं. लाइट गेली की खडखडाट थांबायचा, आणि त्या शांततेनंच मला कळायचं की आता लॅपटॉप बॅटरीवर आहे. बावीस मिनिटांचा माहितीपट जुळला. आवाजाचं एका दुपारी उरकलं. आबांच्या ढोलाजवळ मी माइक फार जवळ धरला होता, ठोका पडला की आवाज फाटायचा. म्हणून दुसऱ्या एका वाड्याच्या ढोल-कैताळाचा स्वच्छ आवाज होता, तो त्याखाली सरकवला, ठोके जुळवले. छान बसला. तो सगळा भाग मी विसरूनही गेलो, कारण माझा जीव रंगात अडकला होता.

पहिला प्रयत्न सगळे करतात तोच केला. इंटरनेटवरून एक तयार लट उतरवली. लट म्हणजे रंगांचं तयार कोष्टक, हा रंग आला की तो दाखव. सावल्या निळसर-हिरव्या, कातडी नारिंगी, सिनेमात असतं तसं. एका क्लिकनं जत्रा एखाद्या वाळवंटातल्या मारामारीसारखी दिसायला लागली. दोन दिवस मी खूश होतो. मोबाइलवर काढून मित्राच्या घरी नेलं. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाइल हातभर लांब धरला, आणि बघता बघता विचारलं, “पोरा, ह्ये काय उधळाय लागल्यात?”

“भंडारा की आबा.”

“भंडारा न्हवं. बेसन हाय ह्ये.”

घरातली सगळी हसली. मीही हसलो. परत येताना गाडीवर मात्र तो शब्द डोक्यातून जाईना, कारण तो अगदी बरोबर होता. पिवळा होता, पण मेलेला, थोडा हिरवट, एका थरात फासलेला.

पुढचे सतरा दिवस मी पिवळ्याच्या मागं होतो.

रंगाच्या पानावर वेक्टरस्कोप नावाची एक गोल तबकडी असते. चित्रात कुठला रंग किती गडद आहे ते त्यात धुरासारखं दिसतं. मधोमध म्हणजे रंगच नाही, काठाकडं जावं तसा गडद. लाल आणि पिवळ्याच्या मधून कातडीची एक रेघ जाते. गोरा असो, सावळा असो, काळा असो, माणसाची कातडी साधारण त्याच रेघेच्या आसपास पडते, फरक उजळपणात असतो. आता पंचाईत बघा. हळद त्या रेघेच्या शेजारणीसारखी राहते, आणि माझ्या चित्रात तर ती कातडीवरच फासलेली. नुसता पिवळा वेगळा काढावा म्हणून क्वालिफायरचा डोळा फिरवला, तर भंडाऱ्याबरोबर चेहरे आले, काठ्या आल्या, ढोलाचं कातडं आलं. पिवळा जरा उचलला की आबा कावीळ झाल्यासारखे दिसायचे. कातडी सांभाळली की पुन्हा बेसन.

दुसरी पंचाईत उन्हाची. उन्हातल्या हळदीत लाल आणि हिरवा चॅनल पार वर चढलेले असतात, निळा तळाला बसलेला. मी रंग गडद करायला जात होतो, त्यानं निळा आणखी खाली जाऊन शून्याला टेकायचा आणि लाल छताला. एकदा दोन्ही टोकं टेकली की मधली कण-कण धूळ संपते, उरतो तो पिवळ्या पत्र्याचा तुकडा. म्हणजे मी जितका जास्त पिवळा मागत होतो, तितका भंडारा कमी होत होता. हे समजायला सतरांतले नऊ दिवस गेले.

गंमत अशी की पिवळा मागून मिळवलेला एक सिनेमा मला माहीत होता. कोएन बंधूंच्या 2000 सालच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?’ मध्ये मिसिसिपीची हिरवीगार झाडी कॅमेरामन रॉजर डीकिन्सनं सगळा सिनेमा संगणकात घालून वाळक्या गवतासारखी पिवळी करून घेतली. जे नव्हतं ते त्यानं आणलं. माझ्याकडं तर ढिगानं होतं. पण आमच्या कोल्हापुरात उलटी गोष्टही आहे. इथंच 1929 मध्ये जन्मलेल्या प्रभातनं 1933 साली ‘सैरंध्री’ रंगीत करायचा घाट घातला, प्रक्रिया जर्मनीत करून घेतली, आणि रंग काही धड उतरले नाहीत. त्याचे दिग्दर्शक शांतारामबापू, त्यांच्या हातून जे निसटलं ते माझ्याकडून सुटलं तर लाजायचं कारण नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो.

एका रात्री बाबा पाणी प्यायला उठले आणि खोलीत डोकावले. बराच वेळ बघून म्हणाले, “हळदीचा रंग लिहून ठेवला होतास का?”

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. रंगीत रोल धुवायला कोल्हापूरच्या लॅबला जायचे. तिथला माणूस मशिनवर निगेटिव्ह बघून पिवळा दोन वाढव, मजेंटा एक कमी कर, असं करत प्रिंट काढायचा. त्यानं लग्न पाहिलेलं नसायचं. मोरपंखी शालू एकदा निळाशार छापून आला, नवरीकडच्यांनी स्टुडिओत येऊन तमाशा केला. तेव्हापासून बाबा रोलच्या लिफाफ्यावर लिहून द्यायचे: शालू मोरपंखी, शेला डाळिंबी, मांडव पांढरा. “मांडव पांढरा लिहिलं की त्याचं निम्मं काम व्हायचं,” ते म्हणाले.

मांडव पांढरा! रंग जुळवायचं ग्रे कार्ड माझ्या पिशवीत होतं, दोन्ही दिवस बाहेर काढलं नव्हतं. पण फूटेजमध्ये पांढरं होतं की, आबांचा फेटा नाही, तो केव्हाच पिवळा झालेला, पण सकाळी उधळण सुरू व्हायच्या आधीचं एक धुतलेलं धोतर होतं. त्याच्यावर नेम धरला आणि फिल्टरची करणी उघडी पडली. सगळ्या चित्रणावर हिरवट झाक होती. कॅमेरा रॉच्या पट्टीत टिंट मजेंटाकडं ओढला, एक्स्पोजर थोडं खाली घेतलं. बेसनातलं निम्मं बेसन तिथंच गेलं. रॉ नसतं तर हे इतक्या सहज झालं नसतं, हेही सांगायला हवं.

उरलेल्या निम्म्यासाठी आईच्या देवघरातून जत्रेच्या भंडाऱ्याची पुडी आणली. आधी ट्यूबखाली मॉनिटरशेजारी धरली, तर ती पुडीसुद्धा बेसनासारखी दिसली. बाबांनी काही न बोलता ट्यूब बंद केली. सकाळी दहाच्या उन्हात गच्चीवर चिमूटभर उडवून पाहिली. शेजारीण बघत होती, तिला काय वाटलं कोण जाणे. हवेत पातळ उडते तेव्हा हळद जवळजवळ सायीच्या रंगाची असते. तळहातावर दाट बसली की पिवळी. रेषांत, सावलीत, घामात ती गेरूकडं झुकते. मी एक पिवळा शोधत होतो आणि तो एक नव्हताच.

मग काम सोपं नाही, पण शहाणपणाचं झालं. उजळ भागातला गडदपणा उतरवला, वाढवला नाही. हवेतला भंडारा फिका होऊ दिला, सावल्यांतला नारिंगीकडं सोडला, हिरव्याकडं जाणारा पिवळा कर्व्हवर केसभर मागं ओढला. चेहऱ्यांना वेगळा नोड, म्हणजे दुरुस्तीचा वेगळा थर, खिडकी घालून. लट काढून टाकली. संध्याकाळच्या चित्रणात कणी फार होती. ती घालवायचं साधन फुकट आवृत्तीत मिळत नाही, आणि विकतच्या आवृत्तीचे 295 डॉलर, हळदीपायी भाडं आधीच भरल्यावर, मला परवडणार नव्हते. कणी ठेवली. धुळीत ती खपली.

या वेळी मोबाइल नेला नाही. मित्राच्या घरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. टीव्ही भडक मोडवर होता, तो आधी साधा केला. भावकीतली चार माणसं बसली होती. उधळण आली तशी आबांची सून पदरानं नाक झाकल्यासारखं करून हसली, आणि मला वाटलं, जिंकलं. आबा मात्र पुढं सरकून बसले होते, टीव्हीकडं न बघता मान खाली घालून. त्यांची बोटं मांडीवर ठोका धरत होती, मधेच अडत होती, पुन्हा धरत होती.

“रंग बरा हाय का आबा?”

“रंग हाय की. भंडाराच हाय त्यो.” मग त्यांनी मान वर केली. “पर ढोल कुणाचा लावलास? हात माझं हायत, वाजवतोय दुसराच.”

मित्र माझ्याकडं बघायला लागला. मी लॅपटॉप ओढून घेतला, रंगाच्या शेजारचं आवाजाचं बटण दाबलं, आणि आबांचा तो फाटका ट्रॅक शोधायला लागलो.