माती तर घरी आहेच, मग शाळेत कशाला?

आज पिकाचं नाही, पोरांच्या शाळेचं लिहितोय. पण विषय आपल्याच रानातला आहे.

आमच्या श्रीरामपूर-राहाता पट्ट्यात मिशनच्या शाळा जुन्या. हरेगावची सप्टेंबरातली मतमाउलीची यात्रा तर सगळ्या जिल्ह्याला माहीत. अशाच एका प्राथमिक शाळेत माझी नात तिसरीला आहे. जुलैत तिथल्या सिस्टरांचा निरोप आला, "काका, सजीवांचा धडा चालू आहे. पुस्तकातली चित्रं पुरत नाहीत. रानातलं काहीतरी घेऊन या."

गेलो तर व्हरांड्यात चार कुंड्या मांडलेल्या. बायबलात पेरणाऱ्याचा दाखला आहे. बी वाटेवर पडतं, खडकाळीवर पडतं, काट्यांत पडतं आणि चांगल्या जमिनीतही पडतं. सिस्टरांनी गोष्ट सांगून विषय संपवला नव्हता. पहिल्या कुंडीत तुडवून घट्ट केलेली माती, दुसरीत फरशीच्या तुकड्यावर बोटभर माती, तिसरीत हरळी आणि केना, चौथीत शेणखत घातलेली भुसभुशीत माती. प्रत्येकीत मुगाचे दहा दाणे, पाणी सारखंच. पोरं रोज पट्टीनं मोजून वहीत लिहायची.

फरशीवरचा मूग सगळ्यात आधी वर आला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पुढं दोन दिवस कडक ऊन पडलं आणि तोच आधी माना टाकून बसला. एका पोरानं विचारलं, "पहिला आलेलाच आधी का मेला?" सिस्टर काही बोलल्या नाहीत, रोप उपटायला लावलं. मुळी फरशीला टेकून आडवी पसरलेली. पोराला उत्तर हातात मिळालं. घट्ट मातीवरचे दाणे तर मुंग्यांनीच नेले होते.

मी चवळीची झाडं मुळासकट नेली होती, सोबत सूत्रकृमी लागलेलं टोमॅटोचं एक झाड. दोन्हींच्या मुळांना गाठी. चवळीची गाठ बोटानं सहज सुटते, नखानं फोडली की आत गुलाबी दिसते. म्हणजे जिवाणू हवेतला नत्र धरायचं काम करतायत. टोमॅटोची गाठ सुटत नाही, कारण तिथं मूळच सुजलेलं असतं. हा फरक पोरांनी दहा मिनिटांत धरला.

चवळीच्या शेंड्यावर काळा मावा होता, त्यात ढालकिड्याची अळी. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, बारक्या मगरीसारखी. आपल्यातले कितीतरी जण तिला कीड समजून चिरडतात. पोरांनी तिला माव्याच्या फांदीसकट बरणीत ठेवलं, वर फडकं बांधलं. अळीनं मावा खाल्ला, मग कोष केला आणि आठवड्याभरात त्यातून लाल ढालकिडा निघाला. तो त्यांनी रानात नेऊन सोडला.

पुढं पालकसभेत एक जण उठला, "माती तर घरी आहेच. फी भरून परत चिखलच का? कॉम्प्युटर शिकवा." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पोरगं आपल्यासारखं उन्हात मरू नये, असं कुणाला वाटत नाही? पण घरी पोरगं रानात जातं ते कामाला. पाण्याचं दारं मोड, शेळी बांध, गवत आण. थांबून बघायला त्याला कोण सांगतो? ते काम या शाळेनं केलं. उद्या ते शेती करो नाहीतर नोकरी, बघून मग बोलायची सवय त्याला लागली.

ऑगस्टात चवळीवर मावा वाढला, पंप काढून ठेवला होता. नात म्हणाली, "आजोबा, आधी दहा झाडं मोजू." मोजली. बांधाकडच्या दहापैकी सात झाडांवर ढालकिड्याच्या अळ्या. तिथं फवारा थांबवला, पाच दिवसांत मावा उतरला. दुसऱ्या टोकाला अळ्या नव्हत्या, मावा मात्र वाढतच होता. तिथं निंबोळी अर्क मारला. मित्रकीटक दरवेळी पुरतात असं नाही, पण ते आहेत का हे बघायला वीस मिनिटं लागतात.

कृषी सहायक आणि अभ्यासक मंडळींना विनंती, शिवारफेरीला निघाल की जवळच्या शाळेत अर्धा तास जा. शेतकरी बांधवांनो, तुम्ही एक झाड मुळासकट घेऊन जा. ते फवारलेलं नको, आणि शेवटी पोरांचे हात साबणानं धुवायला लावा. बाकी प्रश्न पोरंच विचारतात.