अठरा वर्षांनी पुन्हा वही

१९८८ साली माझे लग्न ठरले तेव्हा मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली होती. निकाल लागल्याचे सासरी कळले. पास झाले होते. त्याचे पेढे कोणी वाटले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. गुणपत्रिका ट्रंकेत साडीच्या घडीत ठेवून दिली. त्यानंतर ती हातात घेतली ती २००३ साली, हे गेले तेव्हा. अनुकंपाच्या अर्जाला शिक्षणाचा कागद लागत होता.

नोकरी मिळाली ती शिपायाची. अकोल्यातल्याच एका सरकारी कचेरीत. पाण्याचे ग्लास, फायली, शिक्के, पुन्हा पाण्याचे ग्लास. कामाची लाज मला कधीच वाटली नाही. पोटच्या दोन लेकरांची फी त्यातूनच गेली. पण एक गोष्ट सलत होती. टेबलावर ठेवायला दिलेली टिप्पणी मी जाता जाता वाचत असे, तिच्यातली चूक मला दिसत असे, आणि बोलता येत नसे. एकदा बोलले. बाबू हसून म्हणाले, "बाई, तुम्ही चहाचं बघा."

त्याच आठवड्यात विहारात एका निवृत्त गुरुजींनी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाविषयी सांगितले. १९८९ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ मराठीतून शिकवते, पुस्तके तेच देते, आणि रोज कॉलेजात जावे लागत नाही. रविवारी अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्र, घरी गृहपाठ, उन्हाळ्यात परीक्षा. माझे वय अडतीस. मी म्हटले, "गुरुजी, आता काय ते वय आहे?" त्यांनी मला बाबासाहेबांची गोष्ट सांगितली. ती आपण सारे जाणतो, पण माझ्या बाजूने मी ती तोवर ऐकलीच नव्हती.

१९१७ साली बडोद्याची शिष्यवृत्ती संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परत यावे लागले. विद्यापीठाने पुन्हा येऊन ते पुरे करायला चार वर्षांची मुदत दिली होती. ते मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसा मागे टाकला, शाहू महाराजांची मदत घेतली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज काढले आणि १९२० साली परत गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. म्हणजे नोकरी करून, मध्ये खंड पडून, घरी बायकोमुले ठेवून राहिलेले शिक्षण पुरे करणारा माणूस आपल्याच घरातला आहे. पुढे १९४६ साली त्यांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, नोकरी करणाऱ्यांना येता यावे म्हणून. त्यांना ठाऊक होते ना!

२००६ साली मी फॉर्म भरला. जुने पहिले वर्ष काही धरले गेले नाही, पुन्हा पहिल्यापासून. आज २०२१ पासून श्रेयांकांची बँक निघाली आहे, मिळवलेले श्रेयांक साधारण सात वर्षे जमा राहतात म्हणे. माझा खंड अठरा वर्षांचा! त्या बँकेतही माझे खाते बुडालेच असते.

अभ्यासाची परवानगी मागणारा माझा अर्ज कचेरीत दोन महिने एका खणात पडून होता. मीच फायली लावते, म्हणून तो मला सापडला. मग मी तो साहेबांच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवला. सही झाली.

घरात सासूबाई होत्या. त्यांना अक्षर येत नव्हते. मला वाटले होते, त्या म्हणतील, विधवा बाई, पोरं मोठी होतायत, हे काय सुचलं? त्या म्हणाल्या, "मले अंगठ्याबिगर काही येत नाही. पण पहाटे तुले भाकरीसाठी उठवणार नाही. भाकरी मी थापतो, तू लिही." तीन वर्षे त्यांनी पहाटेच्या भाकरी थापल्या. कधी कधी मी वही उघडी ठेवून झोपून जाई, तेव्हा वही मिटून ठेवायच्या, पण आत आधी सुतळीचा तुकडा घालून. पान चुकू नये म्हणून.

२००७ चा निकाल आला. इंग्रजीत नापास. मी तो कागद पिठाच्या डब्याखाली लपवला. नववीतल्या पोराला तो सापडला. तो काही बोलला नाही. फक्त संध्याकाळी आपले इंग्रजीचे पुस्तक घेऊन शेजारी बसला. मुक्त विद्यापीठाची एक सोय मोठी: एक विषय राहिला म्हणून वर्ष अडून बसले नाही. दुसऱ्या वर्षाच्या पेपरांबरोबर २००८ मध्ये मी इंग्रजी पुन्हा दिले. मार्चमध्ये पोराची दहावी, मेमध्ये माझी परीक्षा. अकोल्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. ओला रुमाल मानेवर टाकून पेपर लिहिला. छत्तीस गुण मिळाले. एवढे गोड छत्तीस मी आयुष्यात पाहिले नाहीत.

२००९ साली पदवी हाती आली. लगेच काही झाले नाही, हे खरे सांगितले पाहिजे. पदवी घेऊनही पाच वर्षे मी ग्लासच धुतले. मधल्या काळात संगणकाचा एम.एस.-सी.आय.टी. कोर्स केला, मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा दिली. लिपिक झाले २०१४ साली. पण काम शिकले ते आधीच, गृहपाठांतून. मुद्दा कसा मांडायचा, उत्तर किती ओळींत आटपायचे, हे मला त्यांनी शिकवले. आज आवक-जावक आणि टिप्पण्या माझ्याकडे आहेत. चहा आणायला अजूनही कोणी कोणी मलाच सांगतो. मी हाक मारते, "दादा, मलाही एक सांगा."

भगिनींनो, एक सावधगिरीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका पोराने घरबसल्या पदवी देणाऱ्या कुठल्याशा संस्थेत पैसे भरले; कागद मिळाला, पण नोकरीत कोणी मानला नाही. पैसे भरण्याआधी त्या विद्यापीठाला आणि त्या अभ्यासक्रमाला दूरशिक्षणासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का, हे पाहा. मान्यता असली तर ती पदवी नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची, हे आयोगाने २०२२ साली पुन्हा स्पष्ट केले आहे. आणि देशातले पहिले मुक्त विद्यापीठ, १९८२ साली हैदराबादला निघालेले, आज बाबासाहेबांच्याच नावाचे आहे, हेही ठाऊक असू द्या.

सासूबाई २०१२ साली गेल्या. मला लिपिक झालेले त्यांनी पाहिले नाही. पदवीचा कागद मात्र पाहिला होता. म्हणाल्या, "याच्यात तुह्यं नाव कुठी हाय?" मी त्यांचे बोट धरून नावावर ठेवले. त्यांनी ते बराच वेळ उचलले नाही. मग पदराने काच पुसावी तसा कागद पुसला आणि म्हणाल्या, "ट्रंकेत नको ठेवू आता."

तो भिंतीवर आहे. गेल्या रविवारी शेजारची सून बारावीची गुणपत्रिका घेऊन आली होती. दोन लेकरे, धुण्याभांड्याची चार घरे. आम्ही मिळून फॉर्म भरला. तिच्या सासूला भाकरीचे विचारायचे तेवढे राहिले आहे. ते मी उद्या विचारते.