पाठ ताडून पाहावा

माउली, डोळे मंदावले, गाथेची बारीक अक्षरे दिसेनात. नातवाने संगणकावर ‘इंटरनेट आर्काइव्ह’ उघडून दिले. गाथेच्या जुन्या छापील प्रती तिथे हव्या तेवढ्या मोठ्या करून वाचता येतात. दोन प्रती ताडल्या आणि कळले, एका अभंगातला शब्द माझ्या वहीत लहानपणीच चुकीचा उतरला होता. चाळीस वर्षे कीर्तनात तोच म्हणत आलो! आता माझ्याकडे शिकलेल्या एकेकाला फोन करून सांगतो आहे.

शब्द अडला, तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश पाहा. मराठी विश्वकोश उघडला, तर दुपार कशी सरते कळत नाही. मात्र संगणकावर टंकलेला अभंग छापील पानाशी ताडूनच पाठ करा. राम कृष्ण हरि!